‘फाजील’, पण कोणाच्या हिशेबी?

संकरित बियाण्याच्या पिशव्या दुकानातून विकत आणण्याची चाल पडण्यापूर्वी आपल्याकडील शेतकऱ्याच्या घरात धान्याच्या दोन राशी वेगळ्या ठेवलेल्या असत. एक खाण्याची व दुसरी पेरण्याची. पेरण्याची कणगी वर्षातील बहुतेक दिवस कोणाच्याच उपयोगी पडत नसे. ती घराचा एक कोपरा अडवी, तिला उंदीर-घुशींपासून जपावे लागे, आणि घरात चणचण भासू लागली की मनुष्याची नजर प्रथम तिच्यावरच जाई. तथापि नंदुरबार तालुक्यातील कोरीटसारख्या खेड्यातील, ज्यास आपण शिकलेली माणसे अडाणी म्हणत आलो, तो शेतकरीसुद्धा त्या कणगीस ‘फाजील धान्य’ म्हणत नसे. आज तिचा उपयोग नाही एवढ्यावरून ती निरुपयोगी ठरत नाही, हे समजण्यास त्याला कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाची गरज पडली नाही.

आमच्या शहरांच्या कारभारी मंडळींस मात्र ही साधी गोष्ट समजत नाही, किंवा समजूनही ती समजल्याचे दाखविणे त्यांस सोयीचे वाटत नाही. पालिकेच्या तिजोरीत खडखडाट झाला की मालमत्ता विभागाची दप्तरे निघतात, त्यांतून पडून असलेल्या जागांची यादी तयार होते, आणि त्या यादीच्या माथ्यावर ‘अतिरिक्त’, ‘वापरात नसलेली’, ‘उत्पन्न न देणारी’ असा एखादा गोंडस शब्द चढविला जातो. हा शब्द एकदा चढला म्हणजे पुढचे सारे सोपे असते. मग सभागृहात व वृत्तपत्रांत वाद माजतो तो फक्त एकाच मुद्द्यावर : भाव काय आला? लिलाव सचोटीने झाला की संगनमताने झाला? हा वाद निरर्थक आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की ही जागा फाजील आहे हे ठरविले कोणी, आणि कोणाच्या गरजा जमेस धरून? हा पहिला प्रश्न आमच्या सार्वजनिक जीवनात जवळजवळ कोणीच विचारीत नाही, आणि प्रस्तुत लेखाचा सारा रोख त्यावर आहे.

हा प्रश्न खेड्यातून विचारला म्हणजे त्याची धार अधिक कळते. कोरीटचा मनुष्य मिरची, कापूस किंवा भाजी घेऊन नंदुरबारास येतो. तेथील नगरपरिषदेच्या निवडणुकीत त्यास मत नाही. तिच्या सभेत त्याच्यासाठी बोलणारा कोणी नाही. तथापि शहरातील ज्या जागांस कारभारी मंडळी ‘उत्पन्न न देणाऱ्या’ म्हणतात, त्या जागांवाचून त्याचा दिवस पार पडत नाही. बाजाराचे पटांगण, गाडी उभी करावयाची मोकळी जागा, पाण्याचा नळ, झाडाखालचा ओटा, आणि बरोबर आलेल्या बायकामाणसांसाठी एखादे स्वच्छतागृह, एवढेच त्याचे शहर. दुकानांच्या झगमगाटातील शहर त्याचे नव्हे. पटांगणावर व्यापारी संकुल उभे राहिले तर नगरपरिषदेच्या जमाखर्चात उत्पन्नाची एक नवी बाब येईल. पण पाटीत भाजी घेऊन बसणारी बाई रस्त्याच्या कडेस जाईल आणि दुसऱ्याच दिवशी तिचे नाव ‘अतिक्रमण’ या सदरात दाखल होईल. म्हणजे जिची जागा काढून घेतली तीच अतिक्रमण करणारी ठरली! शहराची मालमत्ता केवळ शहरवासीयांची नसते. ज्या मुलखाच्या जीवावर ते शहर जगते त्या मुलखाचाही तीवर हक्क असतो. हा हक्क कोणत्याही सातबाऱ्यावर नोंदलेला नाही, म्हणून तो सर्वांत आधी बुडतो.

कित्येक जागांचा हिशेब तर पैशात होऊच शकत नाही. १९४२ च्या सप्टेंबरात बालवीर शिरीषकुमार व त्याचे सोबती नंदुरबारच्या रस्त्यावर गोळ्यांस बळी पडले. ज्या चौकात ते उभे राहिले त्याची किंमत कोणत्या दराने लावावयाची? चौक, मैदान आणि घाट ही सभेची, शोकाची, उत्सवाची व प्रतिकाराची स्थळे होत. ती कोणाच्याच मालकीची नसल्यासारखी वाटतात, कारण ती सर्वांची असतात.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. महाराष्ट्रातील नगरपरिषदांस १९६५ चा अधिनियम लागू आहे. त्याच्या ९२ व्या कलमाप्रमाणे राज्य शासनाच्या मंजुरीवाचून नगरपरिषदेस आपली स्थावर मिळकत हस्तांतरित करता येत नाही. आपल्या अखत्यारीत तिला देता येतो तो अवघा तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा, आणि तोही भाडेकरूस कायमचे बांधकाम करू न देण्याच्या अटीवर. महानगरपालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमाचे ७९ वे कलम आहे. त्यात मिळकतीचा मोबदला चालू बाजारभावाहून कमी असता कामा नये असे स्पष्ट बजाविले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये भोपाळच्या एका जमिनीच्या खटल्यात असे ठरविले, की जाहिरात न देता, इतरांस संधी न देता, मर्जीतल्या संस्थेस सरकारी जमीन बहाल करणे हे समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. ही सारी बंधने चांगलीच आहेत. परंतु वाचकांनी त्यांचा रोख नीट ध्यानी घ्यावा. कायदा मंजुरी विचारतो, भाव विचारतो, जाहिरात विचारतो. गरज विचारीत नाही. जागा विकास आराखड्यात एखाद्या कामासाठी राखलेली असेल तर ते आरक्षण बदलताना हरकती मागवाव्या लागतात, एवढाच काय तो अपवाद. आणि त्या हरकतींची सूचना किती जणांच्या दृष्टीस पडते हे सर्वांस ठाऊक आहे. ज्या घरात दागिना विकताना सोनाराचा काटा तपासतात पण दागिना विकण्याची वेळ खरोखरच आली आहे काय असे कोणी विचारीत नाही, त्या घराचे पुढे काय व्हावयाचे ते निराळे सांगावयास नको.

बरे, जेथे विक्री झाली नाही तेथे तरी मालमत्ता सांभाळली गेली काय? याचे उत्तर आपल्या खानदेशातच आहे. जळगावच्या पालिकेने आपल्या जागांवर व्यापारी संकुले बांधली व दोन हजारांहून अधिक गाळे भाड्याने दिले. त्यांपैकी बहुसंख्य गाळ्यांच्या कराराची मुदत २०१२ मध्ये संपली. मुदत संपली म्हणजे एकतर नवा करार व्हावा, नाहीतर गाळा रिकामा व्हावा; तिसरा मार्ग कोणताही व्यवहारी घरमालक जाणत नाही. जळगावच्या महापालिकेने मात्र तिसराच मार्ग वर्षानुवर्षे चोखाळला : करारही नाही आणि ताबाही नाही. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले व २०१७ मध्ये न्यायालयास पालिकेचे कान उपटावे लागले. दंडासह थकबाकीची बिले निघाली, गाळेधारकांनी आंदोलने केली, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजल्या. २०१९ मध्ये राज्य शासनाने भाडेपट्ट्यांसाठी नवे नियम करून भाड्याचे किमान प्रमाण बाजारमूल्याच्या आठ टक्के ठरविले. व्यापाऱ्यांचा विरोध झाला आणि पुढे ते प्रमाण पुष्कळच खाली आणण्यात आले. आधी वर्षानुवर्षे कोणी विचारले नाही, मग एकदम देता येणार नाही इतके मागितले, आणि अखेर आरडाओरड होताच माघार घेतली. यास कारभार म्हणावयाचे काय?

आणि याच काळात ही महापालिका कोणत्या अवस्थेत होती? हुडकोच्या कर्जाने तिची मान इतकी वाकली होती की वसुलीसाठी तिची बँकखाती गोठविण्यापर्यंत मजल गेली, आणि २०१९ मध्ये राज्याच्या मदतीने एकरकमी तडजोड झाली तेव्हा कोठे तिला श्वास घेता आला. एका हाती कर्जाचा डोंगर आणि दुसऱ्या हाती शहराच्या मध्यवस्तीतील दुकानांचे कुजत पडलेले उत्पन्न! ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ या म्हणीस याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. यात सर्वच गाळेधारकांस खलपुरुष ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. मध्यवस्तीतला सराफ आणि आडबाजूच्या संकुलात बसून चपला शिवणारा मनुष्य यांस एकाच मापाने मोजता येत नाही. त्या लहान दुकानदारासही पालिकेने फसविलेच. कारण त्याचे उद्या काय होणार हे त्यास कोणी वेळेवर सांगितले नाही. आमचा मुद्दा एवढाच, की मालमत्ता कुजू देणारी पालिका आणि मालमत्ता घाईने विकणारी पालिका या दोन निराळ्या पालिका नव्हेत. एकच पालिका आपल्या मालमत्तेस विश्वस्ताच्या दृष्टीने कधीच पाहत नाही. सुखाच्या दिवसांत ती विसरते आणि अडचणीच्या दिवसांत मोडीत काढते.

आता खानदेश सोडून राजधानीकडे वळू, कारण लहान पालिका जे गिरवितात ते मोठ्या पालिकेच्या कित्त्यावरून. मुंबईच्या गिरणगावात सुमारे सहाशे एकर जमीन गिरण्यांखाली होती. ती पालिकेच्या मालकीची नव्हती हे खरे. पण गिरण्या बंद पडल्यावर त्या जमिनीतला काही भाग शहरास मिळावा अशी तरतूद १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत केलेली होती. ५८ व्या नियमाचा ढोबळ आशय असा, की पुनर्विकास करताना एक तृतीयांशाच्या आसपास जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, तितकीच परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडास, आणि उरलेली मालकास. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणीची कल्पना कायम राहिली. फक्त वाटणी कशाची, एवढे बदलले. गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातून वगळली गेली आणि मुळात जी मोकळी होती तेवढीच वाटणीस धरली गेली. गिरणीच्या आवारात मुळात मोकळी जागा ती किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने निर्णय दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. ‘मोकळी’ या एका शब्दाच्या अर्थाने शहराच्या पदरी पडावयाच्या मैदानांचे व गरिबांच्या घरांचे तुकडे तुकडे करून टाकले. तेथे जे काम ‘मोकळी’ या शब्दाने केले, तेच काम सर्वत्र ‘फाजील’ हा शब्द करीत असतो. कुऱ्हाडीने तोडावे लागते. शब्दाने नुसते वगळता येते.

पुढे २०२४ मध्ये, मोठमोठी बांधकामे अंगावर घेतल्यामुळे ठेवींना गळती लागली असता, मुंबई महापालिकेने महात्मा फुले मंडईजवळचा आणि वरळीच्या डांबर कारखान्याचा असे आपले मोक्याचे भूखंड लिलावाने दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर देण्याचे काढले. मलबार हिल येथील विजेच्या उपकेंद्रासाठी योजिलेला भूखंडही प्रथम त्या यादीत होता. ओरड झाल्यावर तो वगळण्यात आला. म्हणजे ओरड झाली नसती तर विजेच्या उपकेंद्राची जागाही फाजील ठरली असती! याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. महापालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती आणि हा निर्णय झाला तेव्हा कारभार एकट्या प्रशासकाच्या हाती होता. ज्या सभागृहात निदान चार विरोधक उभे राहून प्रश्न विचारते, ते सभागृहच अस्तित्वात नव्हते. अल्पवयीन वारसाची इस्टेट पाहणाऱ्या पालकास रोजचा खर्च भागविण्याचा अधिकार असतो. जमीन काढून टाकण्याचा नसतो. प्रशासकाचे स्थान याहून निराळे कसे?

पुण्याची तऱ्हा आणखी वेगळी. नव्या वसाहतींचे आराखडे मंजूर करताना शाळा, दवाखाना, क्रीडांगण अशा सोयींसाठी काही जागा पालिकेच्या ताब्यात येतात. पालिकेने त्या वर्षानुवर्षे तशाच पडू दिल्या, आणि २०२१ मध्ये ‘पडून आहेत’ हेच कारण पुढे करून त्या दीर्घ मुदतीने खासगी भाड्याने देऊन पैसा उभारण्याचा प्रस्ताव आणला. नागरिकांनी कडाडून विरोध केला हे त्यांस भूषणावह आहे. या युक्तिवादातील खुबी पाहा : शाळा बांधावयाची ती आपण बांधली नाही, म्हणून शाळेची जागा फाजील झाली! मुलास शाळेत न घालता त्याचे दप्तर निरुपयोगी म्हणून विकावे, त्यातलाच हा प्रकार.

येथे विरुद्ध पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते म्हणतात : पालिका म्हणजे जमीनदार नव्हे. पडीक जागेवर अतिक्रमण होते, कचरा साठतो, आणि गावगुंडांचा अड्डा बसतो. ती विकून आलेल्या पैशात पाणीपुरवठा सुधारला तर गरिबाचेच कल्याण नव्हे काय? या म्हणण्यात तथ्य आहे. मोडकी वाहने, भंगार, रस्ता रुंद झाल्यावर उरलेली चार हातांची पट्टी या वस्तू पालिकेने खुशाल विकाव्यात, आणि लवकर विकाव्यात. त्या गंजत ठेवण्यात कसलेच शहाणपण नाही. एखादी जागा खरोखरच कोणाच्या उपयोगाची नाही असे ठरले तर तीही द्यावी. परंतु अतिक्रमण होते हे जागा विकण्याचे कारण नसून पहारा ठेवण्याचे कारण आहे. आणि विक्रीचा पैसा पाणीपुरवठ्याकडे जातो हे म्हणणाऱ्यांनी तो तिकडे गेल्याचे ताळेबंदात दाखवावे. बहुतेक ठिकाणी तो सामान्य निधीत मिसळतो आणि पगार, वीजबिले व ठेकेदारांची देणी यांत विरघळून जातो. मुद्दल खाऊन व्याज वाचविले असे म्हणणाऱ्याची जी अक्कल, तीच ही.

विलायती उदाहरणांवाचून ज्यांची खात्री पटत नाही त्यांच्यासाठी दोन देतो. अमेरिकेतील शिकागो शहराने २००८ मध्ये आपल्या रस्त्यांवरील वाहनतळांची सुमारे ३६,००० शुल्कयंत्रे एका खासगी कंपनीस ७५ वर्षांच्या कराराने दिली. मोबदला सुमारे ११५ कोटी डॉलर. शहराच्या सभेने हा प्रस्ताव काही दिवसांतच मंजूर केला. पुढल्याच वर्षी शहराच्या स्वतःच्या महानिरीक्षकाने हिशेब मांडून दाखविले, की शहराने निदान ९७ कोटी डॉलर कमी घेतले. आलेल्या पैशातला बहुतेक भाग अर्थसंकल्पातील खड्डे बुजविण्यात थोड्याच वर्षांत संपला. करार मात्र आज जन्मलेले मूल प्रौढ होऊन म्हातारपणाकडे झुकेपर्यंत चालू राहणार आहे. दुसरे उदाहरण न्यूयॉर्कचे. तेथील ओसाड पडलेल्या भूखंडांवर आसपासच्या गरीब वस्त्यांनी कचरा उपसून बागा केल्या होत्या. १९९९ मध्ये शहराने अशा शंभरांहून अधिक बागांच्या जागा लिलावास काढल्या. लिलाव तोंडावर आला असता दोन धर्मादाय संस्थांनी पैसे मोजून त्या वाचविल्या. जी जागा नगरपालिकेच्या वहीत फाजील होती तीच शेजारच्या वस्तीत एकमेव हिरवी होती. वही आणि वस्ती यांत हे असे अंतर असते.

कोणी म्हणेल, विक्री नको तर पट्टा द्यावा. पट्टा विक्रीहून बरा, यात शंका नाही. पण तो पट्टा असावा. मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने आपल्या काळी काही जमिनी ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. हजार वर्षांस एक कमी! हे विक्रीचेच सोवळे नेसलेले रूप होय. याउलट मर्यादित मुदतीच्या पट्ट्याचे फळ महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाने दाखविले. त्याचा जुना पट्टा २०१३ मध्ये संपला. त्यावर निर्णय घेण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला, हा आमच्या कारभाराचा स्वभाव झाला. तरी २०२४ मध्ये सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आली व ९१ एकर तीस वर्षांसाठी क्लबाकडे राहिली. ही वाटणी योग्य झाली की नाही यावर मतभेद असतील. परंतु आधीच्या पिढीने ती जमीन विकून टाकली असती तर या पिढीस मतभेद करावयासही जागा उरली नसती. परत येणारी मालमत्ता पुढल्या पिढीस पुन्हा विचार करण्याची संधी देते. विकलेली मालमत्ता तो विचारच संपविते.

मग करावे काय? उपाय दुर्बोध नाहीत. पहिली गोष्ट, प्रत्येक पालिकेने आपल्या सर्व स्थावर मिळकतीची नोंद, तिचे क्षेत्र, भाडेकरूचे नाव, भाडे व मुदत यांसह, मराठीत छापून कचेरीच्या भिंतीवर लावावी. ज्यास आपल्याजवळ काय आहे ते ठाऊक नाही, त्याने त्यातले फाजील कोणते हे सांगू नये. दुसरी गोष्ट, कोणतीही जागा फाजील ठरविण्यापूर्वी त्या जागेवर जाहीर सुनावणी व्हावी; कचेरीत नव्हे, जागेवर, आणि बाजाराची जागा असेल तर बाजाराच्या दिवशी, म्हणजे कोरीटच्या मनुष्यासही आपले म्हणणे मांडता येईल. तिसरी गोष्ट, फाजील ठरलेली जागा प्रथम इतर सार्वजनिक कामांस देऊ करावी. कॅलिफोर्निया राज्यात १९६८ पासून असा कायदाच आहे : स्थानिक संस्थेने आपली अतिरिक्त जमीन बाजारात काढण्यापूर्वी ती परवडणारी घरे, उद्याने वगैरेंसाठी देऊ केली पाहिजे. आमच्याकडे शाळेला खोल्या नाहीत, अंगणवाडी भाड्याच्या पडवीत भरते, आणि त्याच शहरात जागा फाजील असते! चौथी गोष्ट, विक्रीचा किंवा अनामतीचा पैसा निराळ्या खात्यात ठेवावा व तो नवी स्थावर मिळकत उभारण्यासच खर्च व्हावा. पाचवी गोष्ट, पट्टा तीस वर्षांहून अधिक नसावा, त्याचे भाडे ठराविक काळाने बदलावे, आणि मुदत संपण्याच्या दोन वर्षे आधी पुढील निर्णय जाहीर व्हावा. आणि सहावी, लोकनियुक्त सभागृह नसता कोणत्याही प्रशासकास स्थावर मिळकत हातावेगळी करण्याचा अधिकार नसावा.

हे सारे वाचून आमच्या सुशिक्षित वाचकांनी मान डोलवावी आणि पालिकेस चार शिव्या देऊन मासिक मिटावे, हे आम्हांस नको आहे; कारण या पापात त्यांचाही वाटा आहे. पालिकेच्या जमिनीवर नाममात्र भाड्याने चालणाऱ्या संस्थांचे, क्लबांचे व मंडळांचे सभासद कोण असतात? पाटीवाल्या बाया नव्हेत. पालिकेचा गाळा मामुली भाड्याने घेऊन तो दुप्पट-चौपट भाड्याने पोटभाडेकरूस देणारा कोणाचा तरी आप्तच असतो. घरपट्टी दोन आण्यांनी वाढली की सभा भरविणारे आपण, त्याच घरपट्टीची उणीव भरून काढण्यास मैदान विकले गेले असता वृत्तपत्राचे पान उलटतो. आपल्या घरी विजेचे बिल भरण्यासाठी वडिलार्जित शेत विकण्याची गोष्ट कोणी काढली तर आपण त्यास वेड्यात काढू. पण शहराच्या घरी तेच घडले तर त्यास ‘साधनसंपत्तीचा कार्यक्षम विनियोग’ म्हणून आपणच टाळ्या वाजवितो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे सोपे असते. पण येथे हलवाई आपणच आहोत, एवढे विसरले जाते.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच पंजाबातील एका खेड्याच्या तळ्याविषयी निर्णय देताना देशभरातील राज्य सरकारांस बजाविले, की गावाच्या समाईक जमिनी बळकावणाऱ्यांस तेथून काढून त्या जमिनी ग्रामस्थांस परत द्याव्यात. खेड्याचे गायरान व तळे सर्वांचे, ही जुनी समजूत न्यायालयाने पुन्हा उभी केली. शहरांत ही समजूत कधी रुजलीच नाही. तेथे समाईक म्हणजे सरकारी आणि सरकारी म्हणजे परकी. ती रुजविण्याचे काम कोणताही अधिनियम करणार नाही, ते ज्याचे त्यानेच केले पाहिजे.

शेतकऱ्याच्या कणगीकडे पुन्हा एकदा पाहावे. तिची राखण कोणत्याही कायद्याने होत नसे. पुढल्या मृगात शेतात उभे राहावयाचे आहे, आणि आपण नसलो तर आपली मुले तेथे उभी राहतील, एवढी एक जाणीव तिची राखण करीत असे. आमच्या नगरपित्यांस, त्यांच्या जागी बसणाऱ्या प्रशासकांस आणि त्यांना निवडून देणाऱ्या आम्हांस तेवढी जाणीव असती, तर ‘फाजील’ हा शब्द पालिकेच्या दप्तरात क्वचितच लिहावा लागला असता.